मानेतला स्विचबोर्ड

माझ्या मानेच्या मागे, मेंदूचा देठ मणक्यात उतरतो तिथे, एक बाई स्विचबोर्डवर बसते. शरीरातून आलेला कॉल ती वर जोडते, मग मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आपला थेंब सोडते. त्रेपन्न वर्षं तिने फक्त रागाचे कॉल जोडले. रविवारी मी चहा गाळत असताना तिने दुसरी वायर लावली आणि माझ्या ब्लाउजला दूध फुटलं. मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे.

मीही साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळत. पार्टीला, म्हणजे बोलणाऱ्याला, सांगितल्याशिवाय लाइन तोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. माझी तोडली. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझा मुलगा उचलला आणि मूलबाळ नसलेल्या थोरल्या जाऊबाईंच्या मांडीवर ठेवला. दूध आटावं म्हणून माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं ठेवून धोतराच्या पट्टीने आवळली. मला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मी देवालाही मोगरा वाहिलेला नाही.

जाऊबाई पलीकडच्याच खोलीत राहतात. माझा ब्लाउज पाहून म्हणाल्या, "या वयात शोभतं का हे? थांब, फुलं मागवते."

फुलं आली. त्या गजरा ओवायला बसल्या. गजरा वीतभर वाढला की माझी खोली वीतभर आखडायची. दुपारी पलंगावर बसल्या बसल्या माझे गुडघे समोरच्या भिंतीला टेकले.

तेवढ्यात मुकुंद आला. तो मला काकू म्हणतो. उंबरा ओलांडताना तो माझ्या कमरेइतका झाला, चष्मा घरंगळला. पलंगापाशी पोचला तेव्हा शर्टाच्या ढिगात एक इवलीशी मूठ हलत होती. तो रडला. ते रडणं माझ्या छातीत शिरलं आणि मणक्यातून वर चढू लागलं.

"कुमुद, इकडे दे त्याला," जाऊबाई म्हणाल्या. "त्याला माझीच सवय आहे."

"तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं. आज मी विचारत नाही."

मी त्याला उचललं. त्यांनी गजऱ्याचं टोक माझ्या पाठीमागून फिरवून पुढे आणलं.

मानेतल्या बाईने वायर हातात घेतली. तिचा आवाज माझाच होता, अठ्ठावीस वर्षांचा.

"जोडू का?"

"जोड."

मुलाने तोंड लावलं. जाऊबाईंनी गाठ मारायला घेतली.

"बोला," ती म्हणाली. "तीन मिनिटं मिळतील."