झाकणातली वेलांटी

ज्वेल मोजून घड्याळाचं मशीन जोखणाऱ्यांचा मला लई राग येतो. मोजायला ती काय नथ हाय? ज्वेल म्हंजी लाल खडा. चाकाचं टोक त्याच्यात फिरतं, म्हणून झिजत न्हाय. टोकच न्हाय तर खडा काय पूजंला ठेवायचा?

बुधवारी कृष्णराज काका दुकानात आले. अणदूरच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन हाय. त्यांच्याकडं दोन घड्याळं होती. एक वापरातलं, चावीचं, सतरा ज्वेलचं. दुसरं सोनेरी, तबकडीवर पंचवीस ज्वेल छापलेलं. त्यातलं चांगल्या मशीनचं जावयाला द्यायचं होतं.

"शिवगंगा, वीरप्पा कुठं हायत?"

"अप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता मीच बसते."

बोलता बोलता म्या दोन्ही उघडली. सोनेरीतले निम्मे खडे नुसते चिकटवलेले, एकाबी चाकाला न लागणारे. "काका, जुनंच चांगलं हाय. सतराच्या सतरा खडे राबतेत."

"तुझं ऐकून ठरवू व्हय?" ते हसले. "ह्या जुन्याला बारा वर्षं दरसाल वीरप्पाचा हात लागलाय. एक मिनिट मागं पडलं न्हाय. बाईमाणसाचं काम न्हाय हे. माणूस ठेवा न्हायतर कुलूप लावा, मी सांगतो बाजारात."

शेजारच्या हॉटेलातली माणसं ऐकत होती. ते असं बोलत फिरले तर गिऱ्हाईक फिरकणार न्हाय, दुकान बसणार, हे मला ठाऊक होतं. आत खाटेवर अप्पा डोळ्याला पट्टी बांधून गप पडले होते. काकांच्या बोलण्यापेक्षा अप्पांचं गप राहणंच मला जास्त लागलं.

म्या भिंग अन् जुन्या घड्याळाचं झाकण काकांच्या हातात दिलं. "घड्याळ साफ केलं की कारागीर झाकणात आतून आपलं अक्षर कोरतो. वाचा."

"वि."

"वेलांटी कसली?"

"ऱ्हस्व."

"आता आमची पाटी बघा. अप्पा तिसरी शिकलेत, जन्मभर स्वतःचं नाव ऱ्हस्व लिवतेत. पेंटरलाबी तसंच काढाय लावलं. आता झाकणात खाली वाचा."

काका वाचत गेले. तीन ऱ्हस्व. त्याच्याखाली नऊ दीर्घ.

"दीर्घ कुणाच्या?"

"माझ्या. अप्पा पुढं घड्याळ घ्यायचे, मी पडद्यामागं उघडायची. गिऱ्हाईक बिचकंल म्हणून त्यांचंच अक्षर कोरायची. पण शाळेत शिकलेली वेलांटी मला काय चुकीची काढता येईना."

काकांनी आत बघितलं. "वीरप्पा, खरं हाय?"

अप्पा उठून बसले. "व्हय. नऊ वर्षं झाली, माझा हात थरथरतोय. लेकीनं झाकलं, अन् म्या तिला झाकलं."

हॉटेलातलं कुणीतरी खोकललं. काकांनी सोनेरी घड्याळ खिशात घातलं अन् जुनं माझ्याकडं सरकवलं. "साफ करून दे. जावयाला हेच देतो."

ते बाकावर बसून राहिले. तासाभरानं, झाकण लावायच्या आधी, म्या सुई घेतली अन् त्यांच्यासमोर तेरावं अक्षर कोरलं. शि.

"शिवगंगाचं ऱ्हस्वच असतंय, काका," म्हणलं. "बाजारात सांगताना नीट सांगा."