मुठीतलं वजन

"वहिनी, आप्पांच्या हातांकडे जरा लक्ष ठेव गं," नणंद निघता निघता म्हणाली होती. भिंतीला एक हात टेकून ती चपला घालत होती आणि आवाज इतका खाली होता की स्वयंपाकघरात जाऊ नये. "आणि लेकीला त्यांच्याकडे एकटं ठेवू नकोस."

"एकटं कुठे? आप्पा असतात ना तिच्यासोबत," वहिनी म्हणाली आणि हसली.

नणंद हसली नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला, ती पायऱ्या उतरून गेली, आणि बोलणं तिथेच राहिलं.

तिने ते मनावर घेतलं नाही, त्याला कारणं होती. एक तर नणंद आली की काहीतरी खोट काढल्याशिवाय परत जात नसे. फ्रिज उघडून आत वाकायची, दुधाचं भांडं हुंगायची, बाळाच्या दुपट्याची शिवण ओढून बघायची. दुसरं कारण तिचं स्वतःचंच होतं. ती विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर बसायची. माणसं कुठे कुठे आणि कशी कशी पडतात हे दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बाळाच्या आसपासची प्रत्येक कड, प्रत्येक दोरी, प्रत्येक उकळता थेंब बघायचा. नवरा म्हणायचा, "हिचं चाललं तर ही पाळण्यातसुद्धा हेल्मेट घालेल." सासरे म्हणायचे, "सूनबाई, घरात आहेस, ऑफिसात नाही." बाळ वर्षाचं झालं तेव्हा तिने स्वतःलाच बजावलं होतं, आता पुरे. रोज उठून कशाची तरी धास्ती घ्यायची नाही. त्यानंतर दारात आलेली पहिली धास्ती नणंद घेऊन आली होती. तिने ती आत घेतली नाही.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. गावाबाहेरच्या गोल्फच्या सराव मैदानावर त्यांनी उभा जन्म शिकवण्यात घालवला होता. मैदानाच्या फाटकाशी त्यांचं दुकान, दुकानाच्या डोक्यावर घर, आणि दोघांना जोडणारा आतला अरुंद, चढा जिना. दुकान आता मुलगा बघायचा. नव्या काठ्या विकायच्या, जुन्यांच्या रबरी ग्रिप बदलून द्यायच्या, हे त्याचं काम. आप्पा सकाळी शिकवायचे, आणि ती ऑफिसला गेली की नात त्यांच्याकडे. नातीचं वजन चांगलं दणदणीत होतं, म्हणून त्यांनीच तिचं नाव गठुडी ठेवलं होतं.

त्या वर्षी आप्पांचा खेळ बिघडला. लांबचे फटके ठीक होते. पण पटर, म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलायची ती काठी, हातात घेतली की बॉल भोकाच्या काठावरून निसटायचा. शेंबडं पोर घालेल असा बॉल चुकायचा. बरोबरीचे म्हातारे आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि ते थांबणंच आप्पांना जास्त लागलं.

मग त्यांनी वजन घातलं. काठीचं वजन खाली, डोक्यात असतं हे सगळ्यांनाच ठाऊक. आप्पांनी ते वर घातलं, मुठीच्या अगदी टोकाला. ग्रिपच्या बुडाला भोक पाडायचं आणि आत पितळेचा लहानसा गट्टू स्क्रूने घट्ट बसवायचा. त्याने काठीचं डोकं हलकं लागतं, मनगट उगीच वळवळत नाही, हात शांत राहतो. हे काही आप्पांनी शोधलेलं नव्हतं, बरेच खेळाडू करतात. पण आप्पांना ते असं लागू पडलं की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. बॉल सुतात ओवल्यासारखे भोकात जायला लागले. ज्येष्ठांच्या स्पर्धेत ते थेट अंतिम फेरीत गेले. मुलाने दुकानाच्या भिंतीवर गट्टूंचा स्टँडच ठोकला आणि वर पाटी लावली, 'हात शांत ठेवा'. म्हातारपणी बाप जिंकायला लागला म्हणून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

आप्पा मात्र दर आठवड्याला म्हणायचे, "आणखी थोडं घालून दे रे."

तिला पहिल्यांदा खटकलं ते एका शनिवारी दुपारी. गठुडीला भरवायला तिने चमचा उचलला आणि तो हातातून जवळजवळ निसटलाच. पिवळ्या प्लास्टिकचा, पिसासारखा हलका चमचा. त्याच्या दांड्याला आता काळी ग्रिपची पट्टी गुंडाळली होती आणि आत काहीतरी जड भरलेलं होतं.

"आप्पा, हे काय?"

"अगं, घास बरोबर तोंडात जातो. हलका चमचा भलतीकडे जातो."

"चमचा नाही जात, ती तोंड फिरवते."

"तेच ते," आप्पा म्हणाले आणि हसले. तीही हसली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग तिची नजर कामाला लागली. आप्पांच्या दात घासायच्या ब्रशच्या बुडाला पितळ. पेनला पितळ. किल्लीच्या जुडग्यात एक भलामोठा गट्टू, दाराला कुलूप लावताना खण्णकन वाजणारा. दाढीचं यंत्र तर तिने उचलून पाहिलं आणि तसंच घाईघाईने खाली ठेवलं, जणू कुणाच्या खिशात हात घातला होता.

तिने नवऱ्याकडे विषय काढला. तो ग्रिपला डिंक लावत होता, मान वर न करताच म्हणाला, "कारागीर माणूस आहे. हौस आहे त्यांना."

"दात घासायची हौस?"

"मग ऑफिसात दावा लाव. अपघाताचं कारण, जड ब्रश."

"चेष्टा करू नकोस. ताईपण म्हणत होत्या."

"ताईला दुधातसुद्धा वास येतो." मग त्याने काठी बाजूला ठेवली आणि आवाज बदलला. "हे बघ, रविवारी फायनल आहे. मागच्या वर्षी ते कसे कोपऱ्यात बसून असायचे ते तू पाहिलंयस. आता जरा माणसात आलेत. त्यांच्या डोक्यात नको ते भरवू नकोस. रविवार होऊ दे, मग काय दाखवायचं ते दाखवू."

तिने मान डोलावली. रविवार काही लांब नव्हता.

त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आप्पा गठुडीला खाली ठेवतच नाहीत. पोरगी नुकती पावलं टाकायला शिकली होती, जमिनीसाठी हातपाय झाडायची, पण आप्पा तिला छातीशी धरून खोल्याखोल्यांतून फिरत राहायचे. फोनवर बोलताना ती कडेवर, टीव्ही बघताना ती मांडीवर, आणि तिच्या पोटावर त्यांचे दोन्ही हात घट्ट.

"आप्पा, पाय आहेत तिला. चालू द्या की."

"मला हात आहेत ना अजून. राहू दे."

ते गोडच बोलले. पण ती झोपली, पाळण्यात गेली, की आप्पा खुर्चीत बसायचे ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शाळेत बाई रागावल्यावर मुलं बसतात तसे. सून खोलीत आली की म्हणायचे, "एवढ्यात उठेल ना गं ती?" त्यात नातीची ओढ होती, हे खरंच. पण त्या ओढीखाली आणखी काहीतरी होतं.

शुक्रवारी दुपारी तिने नेहमीसारखा घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. दुकानात लावला, तिथेही नाही. नवऱ्याने रस्त्यातून फोन घेतला. "मी सामान आणायला आलोय. आप्पा आहेत की वर. झोपले असतील दोघं."

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "तुझं रोजचंच आहे. चहा घे."

तिने चहा घेतला नाही. पर्स उचलली आणि साहेबांना जेमतेम सांगून निघाली. वाटेत स्वतःलाच शिव्या घालत होती. घरी जाऊन बघशील तर दोघं गाढ झोपलेले असतील, आणि तू वेड्यासारखी धापा टाकत दारात उभी असशील. असंच होऊ दे, असंच होऊ दे, असं ती रस्ताभर म्हणत होती.

दुकान बंद होतं. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि आवाज ऐकला. रडणं नव्हे. रडून रडून संपल्यावर घशात जी नुसती घरघर उरते, ती.

आप्पा जिन्याच्या मध्यावर उभे होते. तोंड खालच्या बाजूला. एक पाय पायरीवर, दुसऱ्याची बोटं पायरीच्या कडेबाहेर आलेली, आणि तो पाय ना पुढे जात होता ना मागे. त्यांनी गठुडीला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. तिचं तोंड लाल, केस घामाने चिकटलेले, कपडे ओले. आप्पांच्या सदऱ्यावर तो ओलावा पार कमरेपर्यंत उतरला होता.

"काही नाही," आप्पा म्हणाले. ते हसत होते, आणि ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर कधीपासून तसंच राहून गेलं होतं कोण जाणे. "जरा थांबलोय."

"आप्पा, खाली या."

"पाय ऐकत नाही गं." आवाज अगदी बारीक. "मघापासून सांगतोय त्याला."

ती एकेक पायरी वर चढली. धावावंसं वाटत होतं पण जिना हलेल अशी भीती वाटली. जवळ पोचून तिने हात पुढे केले.

"द्या तिला."

"नको." आप्पांनी मिठी आणखी आवळली. "तिला काढू नकोस. तिच्या वजनावरच उभा आहे मी."

ती खरीच गोष्ट होती. मूल काढून घेतलं तर ते तिच्यावरच कोसळतील. नाही काढलं तर दोघं मिळून. टेबलावर येणारे सगळे कागद तिला आठवले आणि त्यातल्या एकाचाही काही उपयोग झाला नाही. तिने पाठ कठड्याला लावली, खांदा आप्पांच्या छातीत रोवला, एका हाताने त्यांचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने लेकीला दंडाखालून खेचून घेतलं. आप्पांचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर आलं. गुडघा कुठेतरी आपटला. ती ओरडली, "बसा! आप्पा, बसा खाली!" आणि कसे कोण जाणे, तिघंही पायरीवर बसले.

गठुडी तिच्या गळ्याला चिकटली. धडधडती, गरम, शाबूत.

आणि मग तिने ते हात पाहिले. आप्पांच्या मांडीवर रिकामे पडलेले ते हात थरथरत होते. थोडेथोडके नाहीत. खिडकीच्या फटीत अडकलेला कागद फडफडतो तसे. आप्पा त्यांच्याकडे असे बघत होते जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

"हे असं," ते म्हणाले. "ती असली की गप्प बसतात. म्हणून घेत होतो तिला."

"कधीपासून?"

"पहिला गट्टू घातला त्याच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? सगळे टाळ्या वाजवत होते."

आप्पा फायनल खेळले नाहीत. डॉक्टरांनी आप्पांच्या हातात साधा कोरा कागद दिला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि सांगितलं, कंपवात आहे. वजनाने तो बरा होत नाही. नुसता दिसेनासा होतो, तोही काही काळ, आणि तेवढ्यात तो पायांत उतरतो. औषधं सुरू झाली. गाडीची किल्ली काढून घेतली. आप्पा आता खाली, दुकानामागच्या खोलीत झोपतात, आणि गठुडी जमिनीवर धावते, ते बसल्या जागेवरून तिच्याशी बोलतात. तिला कडेवर घ्यायला ते मागत नाहीत. त्यांचं ते न मागणं तिला बघवत नाही, तरीही ती देत नाही.

नणंदेला फोन केला तेव्हा ती फक्त म्हणाली, "मुलगी ठीक आहे ना?" 'मी सांगितलं होतं' हे ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. नवरा एक दिवस मुकाट्याने तो स्टँड भिंतीवरून उतरवत होता. रिकाम्या खिळ्यांकडे बघत म्हणाला, "बरेच गट्टू विकले गेले गं. आणि घेणारे सगळे आप्पांच्या वयाचे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं फोन घेऊन बसले. ज्यांना ओळखत होते त्या प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाच्या मुलाला, सुनेला त्यांनी सांगितलं. काही जण हसले. काहींनी डॉक्टरांचा नंबर मागितला.

एकजण राहिला. एका रविवारी काउंटरवर तीच उभी होती तेव्हा तो आला होता. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी नीट न झालेला. उजवा हात शेवटपर्यंत खिशात. सगळ्यात जड गट्टू मागितला आणि विचारलं, "हा छत्रीच्या मुठीत बसेल का?"

"आजोबा, छत्रीने गोल्फ खेळता होय?" ती म्हणाली होती.

"मी नाही खेळत," तो म्हणाला. "आणि गाडीच्या स्टिअरिंगला लावायला असं काही मिळतं का?" तिला तो विनोद वाटला. ती मोठ्याने हसली, आणि तोही हसला. बाहेर राखाडी गाडी उभी होती. मागच्या काचेला गाल लावून एक लहान मुलगी झोपली होती. "नात," तो कौतुकाने म्हणाला. "शाळेत मीच सोडतो, मीच आणतो. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही."

मैदानावर त्याला कुणी ओळखत नाही. तिने जवळच्या शाळांच्या फाटकांवर उभं राहून पाहिलं, दुसऱ्या आयांना विचारलं. त्यांनी तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. पाहू दे.

आता ती तुम्हाला विचारते आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या मुलांच्या शाळेपाशी, तुमच्या स्वतःच्या घरात असे कुणी आजोबा आहेत का, ज्यांच्या वस्तू अलीकडे जड झाल्यात? पाऊस नसताना छत्री बरोबर असते? एक हात खिशातून बाहेर येत नाही? त्यांना रागावू नका, घाबरवू नका. काहीतरी अगदी हलकं त्यांच्या हातात द्या, बसचं तिकीट, कागदी कप, काहीही, आणि बघा.

पण गाडी सुरू असली, तर ते नंतर. आधी मागचं दार उघडून त्या मुलीला खाली उतरवून घ्या.