बरणीतला पेशंट

“आधी त्याला घाल, मग मी जेवते,” ताई म्हणाली.

‘त्याला’ म्हणजे बरणीतल्या सुरवंटाला. दाजी गेल्यावर मी ताईला माझ्याकडे आणलं, तेव्हापासून तिचं खाणं चिमणीएवढं झालं होतं. मग कुंपणाच्या झाडावर तिला हा बोटाएवढा हिरवा प्राणी सापडला. तो पान कुरतडू लागला की हीदेखील दोन घास खाई. मी बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. खाणारा पेशंट तग धरतो, एवढं मला कळतं. मी रोज ताजी पानं आणायचे. सवयीने बरणीला तक्ताही चिकटवला: दोघांचं खाणं, एकाच कागदावर.

एका सकाळी त्याने खाणं सोडलं आणि स्वतःभोवती कोश विणला. ताईनेही ताट सरकवलं. मी तक्त्यावर दोन फुल्या मारल्या.

“अगं, तो झोपलाय. तुला काय धाड भरलीय?”

“झोपला नाही. आत विरघळतोय.”

हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे. ती दिवसभर कोशाशी हळू आवाजात बोलत बसे. ती बोलली की आत खरखर व्हायची. मी बोलले की सगळं गप्प. मी कितीतरी मेलेल्यांचे डोळे मिटलेत, मला कशाची भीती वाटत नाही. त्या खरखरीची मात्र वाटायची. ताईला समजावलं, रागावले, दुधाचा पेला तोंडाशी धरला. दिवसाकाठी दोन-चार घोट घेई, बाकी पालथ्या घड्यावर पाणी.

एकविसाव्या दिवशी दुपारी कोशाचं टोक ओलं झालं आणि पतंग बाहेर आला. पंख सुकले तेव्हा तळहाताएवढे भरले, आणि त्यांच्यावर डोळ्यांसारखे चार ठिपके होते. मला केवढा आनंद झाला! हा खाईल, म्हणजे ही खाईल. कापसाचा बोळा साखरपाण्यात बुडवून मी त्याच्यापुढे धरला. इकडून धरला, तिकडून धरला.

“काय शोधतेस?” ताईने विचारलं.

“तोंड.”

“त्याला नसतं. त्याचं खाऊन झालंय.”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. भल्याभल्या हट्टी पेशंटचे ओठ मी चमच्याने उघडलेत. इथे उघडायला काही नव्हतंच.

पतंग ताईच्या मनगटावर चढला. कित्येक आठवड्यांनी ती हसली.

“माझंही झालंय गं. रागावू नकोस.”

मला रडू आलं. मग मी बोळा खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं तशीच होतो. मी एकदाही ‘खा’ म्हटलं नाही.