भैरोबाची आमटी

औंढ्याच्या भैरोबाला पौषी पुनवेला नैवेद्य असतो आणि तो रांधायचा मान आक्काबाईच्या घराकडे. थोरल्या सुनेनं रांधायचं, धाकट्या जावेनं सरपण पुरवायचं. थोरली अडली तर मान पुढे सरकतो, आणि एकदा सरकला की माघारी येत नाही. आक्काबाईच्या सासूचं मनगट एका साली म्हशीनं मोडलं. सासूला जाऊ नव्हती, म्हणून मान सुनेकडे आला. हाड सहा आठवड्यांत सांधलं. सासू पुढे अठरा वर्षं जगली, ती चुलीपासून चार हात लांब बसून.

तेव्हापासून आक्काबाई रांधत होती. एकतीस वर्षं. नैवेद्य चाखायचा नसतो. उष्टं देवाला चालत नाही. खरं तर वासही घ्यायचा नसतो, पण आक्काबाईचं म्हणणं, वास घ्यायचा नाही, आला तर येऊ द्यायचा. आमटीला उकळी फुटली की ती डोळे मिटून जरा उभी राही आणि मीठ कमी की बरोबर ते सांगे. शिकलेले लोक म्हणतात मिठाला वास नसतो. ते शिकलेल्यांचं नाक झालं.

असं नाक असलेली बाई डिसेंबरच्या तीस तारखेला पाळण्यात बसली.

सून कोमल लोणावळ्यात एका रिसॉर्टवर काम करायची. मालकानं दिवाळीची भेट म्हणून घाटाखालच्या मोठ्या पार्कचे चार पास दिले होते, आणि ते वर्षअखेरीला मरणार होते. करोना तेव्हा गेला होता असं म्हणत होते. परत येतोय असंही म्हणत होते. मुलगा सत्यम म्हणाला, "गेला आन् आला ह्याच्या मधी जाऊन येऊ." सत्यम, कोमल, नात समीक्षा आणि आक्काबाई जीपनं घाट उतरले.

गेटावर एका पोरीनं चौघांच्या कपाळाला यंत्र लावलं. रांगेत एकेका हातावर पांढरे गोल काढले होते, ज्यानं त्यानं आपल्या गोलात उभं राहायचं. गोल संपले की आत पाळण्यात मांडीला मांडी लावून बसायचं. आत खोटा धबधबा होता, खोटं धुकं होतं, आणि मावळातली माणसं ते बघायला उन्हात ताटकळत होती. आक्काबाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि मधल्या खुर्चीत बसली. पाळणा ताडाएवढा चढला, वर थोडा थांबला, जणू त्याला काही आठवलं, आणि सुटला. तिचा मास्क सुटून मागच्या रांगेत गेला. मागच्या रांगेतला चष्मेवाला गडी खोकत होता. खाली आल्यावर त्यानं मास्क आणून दिला आणि म्हणाला, "सॉरी हं, आजी." तिनं तो झटकला आणि पुन्हा लावला. दुसऱ्याची वस्तू परत करणारा माणूस वाईट कसा असेल.

पाळणा सुटतानाचा फोटो पार्कवाल्यांनीच काढला होता. आक्काबाईचं तोंड त्यात एवढं उघडं, की दाढा मोजून घ्याव्यात. समीक्षानं तो स्टेटसला टाकला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सगळ्या औंढ्यानं तो बघितला होता.

"करोनात तोंड उघडं ठिवून कोण बसतं गं?" धाकटी जाऊ नंदाबाई मधल्या भिंतीवरून म्हणाली.

"तू बसून बघ. कसं मिटतं ते सांग मला."

चौथ्या दिवशी आक्काबाईला कणकण आली. अंग ठेचल्यासारखं झालं, जेवण जाईना. सत्यम म्हणाला, पाळण्यानं बेंबी सरकली. हे सगळ्यांना पटलं. एवढ्या उंचावरून बाई खाली येते म्हटल्यावर काहीतरी वर राहणारच. आणि सरकलेली बेंबी औंढ्यात एकच बाई बसवते, ती नंदाबाई.

दोघी जावांचं सहा वर्षांत धड बोलणं नव्हतं. जे होतं ते भिंतीवरून. पण दुखण्याला भिंत नसते. नंदाबाई आली, पदर खोचला, हाताला तेल लावलं आणि पाऊण तास आक्काबाईच्या पोटावर वाकून बसली. तिच्या बोटांना लय मऊ चाल होती.

"लय वर गेलीया," ती म्हणाली. "बरगडीखाली सापडली बघ."

"बसली का?"

"बसंल. पर पुन्यांदा त्या पाळण्याच्या वाटंला जाऊ नगो. आता काय तुजं वय हाय का?"

आक्काबाई तिच्या तोंडावर तीनदा शिंकली. मग डोळा लागला.

बेंबी बसली, ताप बसला नाही. गावची आशाताई सारिका पिशवी घेऊन आली, चौघांच्या नाकात काड्या फिरवल्या आणि चौघांनाही सात दिवस घरात बसवलं. मग वहीत बघत विचारलं, "मावशी, घरी कोण कोण येऊन गेलं?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "मी तर त्येंचा उंबराबी बघितला न्हाई गं, सारिका!"

आक्काबाईनं खाटेवरून भिंतीकडे बघितलं. पुनव बारा दिवसांवर होती. नंदी का खोटं बोलते ते तिला बसल्या जागी कळलं: सात दिवसांत अडकली, मग दुखणं लांबलं, तर सरपणाचा मान जाईल, आणि थोरलीच अडली तर दारात आलेला मोठा मान घ्यायला ती घराबाहेर हवी.

"कुनी न्हाई आलं," आक्काबाई म्हणाली.

"आणि वास? वास येतोय ना?"

"येतुय की."

त्याच सकाळी चुलीवर दूध करपून काळं झालं होतं. आक्काबाई शेजारीच बसलेली. धूर दिसला, वास आला नाही. तिनं लसूण ठेचून हुंगला. कांदा हुंगला. नव्या तांदळाच्या डब्यात डोकं घातलं. एरवी त्या तांदळाचा वास ओसरीपर्यंत चालत यायचा. डबा गप्प होता. ती गोठ्यात गेली आणि तिथूनही तशीच परत आली. घरात कुणाला बोलली नाही.

पुनव आली तोवर ताप गेला होता, सात दिवस सरले होते, काडीवर एकच रेघ उमटत होती. नाक मात्र मुक्कामाला गेलेलं. सरकारनं नवे नियम काढले होते. पोलीस पाटील गोरखनं सांगितलं, पंगत नाही. साठ घरांना डब्यातून थोडा थोडा प्रसाद जाईल. दरसाल चारशे पान. आक्काबाईच्या मुठीला चारशेचं माप पाठ होतं, घरच्या चौघांचं पाठ होतं. हे मधलंच काहीतरी आलं. अशा वेळी नाकाला विचारायचं, आणि तेच जागेवर नाही.

देवळामागं चूल मांडली. चुलीभोवती शेणाची रेघ. रेघेच्या आत एकटी आक्काबाई, बाहेर नंदाबाई सरपण घेऊन. दोघींच्या तोंडाला मास्क. पुरण शिजलं, भात उतरला, कटाची आमटी उकळायला लागली. आक्काबाई मीठ हातात घेऊन उभी राहिली आणि दरसालसारखी ओवी गुणगुणायला लागली. तोंडातून निघालं ते असं:

चूल पेटली राऊळी, धूर चढं पिंपळाला
बाई, आपुलाच सूर, न्हाई कळत गळ्याला

"ही कुठली?" नंदाबाईनं विचारलं.

"अशीच." आक्काबाईनं मूठ सोडली. मग आमटीकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "नंदे, तुला कसा येतुय वास?"

नंदाबाई सरपण मोडता मोडता थांबली. सहा वर्षांत थोरलीनं तिला काही विचारलं नव्हतं.

"चांगला येतुय की."

"मीठ?"

नंदाबाईनं मान वर केली, डोळे मिटले, मास्क जरा खाली ओढला. बराच वेळ तशीच राहिली. "जरा कमी वाटतंय," ती म्हणाली.

आक्काबाईनं अर्धी मूठ घातली. "आता?"

"अजून लागंल."

आणखी अर्धी घातली. नंदाबाईनं पुन्हा डोळे मिटले आणि जाणत्या बाईसारखं म्हणाली, "चिमूटभर ऱ्हायलं बघ." आक्काबाईची चिमूट मोठी होती. तिला वाटलं, बाई हुशार आहे, उगाच आपण एवढी वर्षं नावं ठेवली.

गुरव अंबाजींनी देवाला पान दाखवलं, पडदा ओढला, सोडला. मग स्वतःचं पान वाढून घेतलं, आमटी भुरकली आणि म्हणाले, "आक्काबाई, यंदा हात लागलाय तुमचा!" डबे घरोघर गेले. संध्याकाळपर्यंत कुणाची तक्रार नाही. प्रसादाला नाव ठेवायची औंढ्यात रीत नाही.

सारिकानं आपल्या डब्यातला पहिला घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकली. तांब्याभर पाणी प्याली. पुन्हा डब्याकडे बघितलं. मग देवळात जाऊन उरलेल्या आमटीचं पातेलं मागून घेतलं, काखेला तपासणीची पिशवी अडकवली, हातात पळी घेतली आणि घरोघर निघाली.

"अंबाजीमामा, अजून वाढू का आमटी?"

"वाढ की! पुन्हा वर्षाचं कोण बघितलंय?"

"वाढते. आधी नाक इकडं करा."

ज्यानं वाटी पुढे केली त्याची तपासणी. ज्यानं "नको बाई, पोट भरलं" म्हटलं त्याला सोडून पुढे. गोरख पोलीस पाटलानं दोनदा वाढून घेतली आणि वर म्हणाला, "पावसाळ्यात हिची आठवण येणार." रात्र पडायच्या आत औंढ्यात चौदा माणसं करोनाची निघाली. सारिकानं दोन वर्षं दारोदार "वास येतोय का" विचारलं होतं, आणि सगळ्या गावाला वास येत होता.

आक्काबाईच्या घरी ती शेवटी आली. काही बोलायच्या आधी समीक्षानं आमटीचा भुरका मारला आणि तिचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला.

"आजी, मिठाचा डबा पडला काय गं यात?"

आक्काबाईनं पळीभर घेऊन तोंडात घोळवली. गरम होती, एवढंच कळलं. ती ओसरीवर जाऊन बसली. देवाला काय घातलं आपण. आणि त्यानं गपगुमान खाल्लं.

सारिकाच्या काड्यांत नंदाबाईचीही होती. दोन रेघा, एक फिकट. म्हणजे जुनं दुखणं.

चौदा जणांचे सात दिवस सरल्यावर देवळापुढे माणसं जमली, हाताहातावर. अंबाजी म्हणाले, मान कुणाचा ते ठरवायला हवं. मिठानं बिघडलेला नैवेद्य माघी पुनवेला पुन्हा रांधायचा आहे.

आक्काबाई उठली. "मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "दूध करपलं त्या दिसापसनं. कुनाला बोलले न्हाई. मान सोडवंना."

"म्हंजे रीतीनं आता नंदाबाईकडं," गोरख म्हणाला.

सगळ्यांनी नंदाबाईकडे बघितलं. सहा वर्षं, खरं तर त्याच्याही आधीपासून, तिला जे हवं होतं ते देवळाच्या पायरीवर येऊन उभं होतं. हात पुढे केला की झालं. तिनं पदर सारखा केला.

"मलाबी न्हाई येत," ती म्हणाली. "तिनं मीठ इचारलं तवाबी येत नव्हता. मी आपलं ठोकून दिलं."

"तुला कवापसनं?" आक्काबाईनं विचारलं.

"तुजी बेंबी बसवली त्याच्या तिसऱ्या दिसापसनं. अंग फणफणत हुतं. पडून ऱ्हायले गुपचूप."

"आन् मी तुज्या तोंडावर शिंकले."

"तीनदा. मोजल्यात मी."

कुणीच हसलं नाही, मग अंबाजी हसले, मग सगळे. अंबाजींनी ठरवलं की माघी पुनवेपर्यंत मान जिथं आहे तिथंच राहील. पुढचं ज्याच्या नाकात जीव येईल त्यानं बघावं.

तीन आठवडे गेले. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी रोज सकाळी कांदा हुंगायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, न्हाई. बोलणं वाढलं. नंदाबाई भिंतीवरून निवडायला भाजी द्यायची, आक्काबाई निवडून परत करायची. माघी पुनव दोन दिवसांवर असताना आक्काबाई परसात भांडी घासत होती, आणि पलीकडून हाक आली.

"आक्का! दूध करपलं तुजं, धाव!"

आक्काबाई धावली. दूध खरंच तळाला लागलं होतं. ती पातेलं उतरवून भिंतीशी आली. पलीकडे नंदाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं होतं.

"धूर दिसला," नंदाबाई म्हणाली.

"भिंतीवरनं?"

"व्हय."

"नंदे."

नंदाबाईनं तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "परवापसनं येतुय जरा जरा. मी कुनाला सांगनार न्हाई. तू रांध. मी बाहेरनं खोकीन, एकदा खोकले की मीठ बरोबर, दोनदा खोकले की कमी."

"आन् गावानं खोकला ऐकला की?"

हा विचार नंदाबाईनं केला नव्हता.

पुनवेच्या दिवशी देवळामागं चूल मांडली, शेणाची रेघ ओढली. आक्काबाई आधी येऊन बसली होती. रेघेच्या बाहेर, सरपणाच्या बाजूला. पळी आतल्या पाटावर ठेवलेली.

नंदाबाई आली आणि रेघेपाशी थबकली. "असं नगो, आक्का. एकदा गेला की येत न्हाई तो."

"ठावं हाय मला. माजी सासू अठरा वरसं हितंच बसलीवती. चांगली जागा हाय, ऊन येतं." आक्काबाईनं एक काटकी गुडघ्यावर मोडली. "जा आत. डाळ चढायची वेळ झाली."

नंदाबाई रेघ ओलांडून आत गेली. चूल पेटली. बऱ्याच वेळानं आमटीला उकळी फुटली तेव्हा तिनं मीठ हातात घेतलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि मागं वळून बघितलं.

"आक्का, घालू एवढं?"

आक्काबाईनं तिच्या मुठीकडे बघितलं. मग लाकूड चुलीत सरकवलं.

"माज्याकडं काय बघतीस?" ती म्हणाली. "तिकडं बघ, उतू जाईल."