सात नंबरचा टोमॅटो

कुणावरही एकदम विश्वास ठेवायचा नाही, हे मला कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपनं शिकवलं. छत्तीस वर्षं तिथं फिटर होतो. पाना, हातोडी, कानस, जे जे माझ्या ताब्यात असे त्या सगळ्यावर मी माझा टोकन नंबर ठोकून ठेवत असे. चारशे बारा. बिननंबरी वस्तूला जेवणाच्या सुट्टीत पाय फुटतात, हे पहिल्याच महिन्यात बघितलं होतं. लॉकरला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचो, मगच घरी जायचो. आमची मथुरा म्हणायची, बरं झालं, माझ्या कपाळावर नंबर ठोकला नाही.

निवृत्त झालो आणि आमच्या अभिमन्यूनं जुळे सोलापुरात आम्हा दोघांसाठी फ्लॅट बघितला. दुसरा मजला, वर गच्ची. तो स्वतः पुण्याला. मथुरेला घर पाहताक्षणी आवडलं. पस्तीस वर्षं क्वार्टरमधून क्वार्टरमध्ये बिऱ्हाड हलवत आलेली बाई, तिला पहिल्यांदा हक्काच्या भिंती मिळाल्या. दोन महिन्यांत तिच्या सहा मैत्रिणी झाल्या. माझा एकही मित्र होईना. कुर्डुवाडीत मी बाजारात निघालो की दहा जण हाक मारायचे. इथं जिन्यात माणूस भेटला तर मोबाइलमध्ये बघत बाजूनं जायचा.

अपवाद एकच, तळमजल्यावरचे सिद्रामप्पा. अक्कलकोटकडचे, पोस्टातून रिटायर झालेले, बायको वारून सहा वर्षं झालेली. बिल्डिंगचे सेक्रेटरीही तेच, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. त्यांचं दार पहाटे उघडायचं ते झोपतानाच लागायचं. फिरायला गेले तरी दार सताड उघडं. मी एकदा विचारलं, "कुलूप का लावत नाही?"

"काय न्यायचंय री हितनं?" ते हसले. "माठ हाय, रेडिओ हाय. नेला तर नेऊ दे की. ऐकंल बिचारा."

असल्या माणसाचं मला नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा. पण रोज पहाटे साडेपाचला आम्ही दोघं बरोबर फिरायला जायचो.

वेळ जाईना म्हणून मी गच्चीवर टोमॅटो लावले. रंगाचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, शेणखत घातलं. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तरी भाजी धुतलेलं पाणी मी बादलीनं वर न्यायचो. झाडं जोमानं वाढली. मार्चमध्ये फळं धरली, चांगली मुठीएवढी झाली. आणि एप्रिल लागला तशी थांबली. हिरव्याची फिकट पिवळी झाली आणि तिथंच अडली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, लाल व्हायचं नाव नाही. मला वाटायला लागलं, ही फळं मुद्दाम करतायत.

सिद्रामप्पांनी वर येऊन पाहिलं. "बेचाळीस-त्रेचाळीस चाललंय. एवढ्या उन्हात झाडावर लाल होत न्हाई री. आमचा भाऊ करतोय की टमाटे. रंग फिरला की तोडायचं, गार जागेत ठेवायचं. चार-सहा दिसांत लाल होतंय."

"झाडावर पिकलं तरच ते पिकलं," मी म्हणालो. "तोडून पिकवलेलं बाजारात मिळतंच की."

त्यांनी एक टोमॅटो बोटानं हळूच दाबून बघितला. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं फळ तोडायची याला एवढी घाई का?

त्या दिवशी जेवताना मी मथुरेला स्पष्ट सांगितलं. "आखितीपर्यंत झाडावर एक जरी टोमॅटो लाल झाला तर इथं राहीन. नाहीतर कुर्डुवाडीला खोली बघतो. जिथं साधा टोमॅटो पिकत नाही तिथं मी काय करू?"

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "टमाट्यापायी घर सोडणार व्हय तुमी?"

"सोडणार."

मी हट्टी आहे हे तिला ठाऊक आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मागं पडतं म्हणून मी ते बारा वर्षं हातात घातलं नव्हतं. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून तीन आठवडे होते.

चार दिवसांनी मला एक देठ दिसला, फळ नसलेला. कावळ्यानं टोचलं असतं तर खाली चोथा पडला असता. माकडानं ओढलं असतं तर फांदी मोडली असती. देठ स्वच्छ कापलेला होता, कात्रीनं. पक्षी काही कात्री घेऊन हिंडत नाहीत. शेजारच्या झाडावर आणखी दोन तसेच देठ सापडले.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. काळं मार्कर पेन आणलं आणि उरलेल्या प्रत्येक टोमॅटोवर नंबर टाकला. एक ते एकोणीस. गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि त्याच्या किल्ल्या दोनच. एक आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. दुसरी सेक्रेटरीकडं, म्हणजे सिद्रामप्पांकडं. माझी तर खिळ्यालाच होती. उरलं कोण?

तरीही मी घाई केली नाही. पुरावा हवा. गच्चीच्या उंबऱ्याच्या आत रांगोळीची बारीक भुकटी पसरून ठेवली, पाऊल उमटावं म्हणून. ही गोष्ट मी फक्त मथुरेला सांगितली. घरातल्या माणसाला नाही सांगायची तर कुणाला सांगायची? दुसऱ्या दिवशी भुकटी होती तशी होती आणि सात नंबर गायब होता. त्यानंतर अकरा गेला. मग चार गेला. मी दुपारी जेवून तासभर पडायचो तेवढ्यात हे होत होतं. चोराला माझ्या झोपेची वेळसुद्धा माहीत होती.

पहाटे फिरताना मी सिद्रामप्पांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागलो. ते रोजच्यासारखेच बोलायचे, उलट जरा खुशीत. एकदा विचारलं, "आखिती कवा हाय हो औंदा?" याला आखितीशी काय करायचंय? मी म्हणालो, "कॅलेंडर बघा." दुसऱ्या एका दिवशी त्यांनी विचारलं, "तुमी चष्मा का घालत न्हाई री गच्चीवर?" मी मनात म्हटलं, वा, म्हणजे मला किती दिसतं याचाही अंदाज घेऊन झाला.

शेवटी पाणी यायच्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. मोटर कधी लावणार हे विचारायचं निमित्त. दार उघडं होतं. ते मागं हौदापाशी गेलेले. मी आत शिरलो. आतली खोली उत्तरेची, बाहेर कडुलिंब, त्यामुळं गारवा. कोपऱ्यात तिवईवर माठ, आणि माठाखाली ओल्या पोत्यावर ओळीनं ठेवलेले टोमॅटो.

लाल! असा रंग मी महिनाभर स्वप्नात बघत होतो. वाकून पाहिलं. माझ्या अक्षरात सात. माझ्या अक्षरात अकरा. चार अजून जरा केशरी होता.

माझं डोकं फिरलं. तसाच बाहेर आलो. हौदापाशी बिल्डिंगमधली आठ-दहा माणसं बादल्या, पाइप घेऊन उभी होती. पहिल्या मजल्यावरचा यशपाल होता, समोरची रेश्मा होती. मथुरा नव्हती, ती ज्वारी दळायला गिरणीत गेली होती. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "सिद्रामप्पा, गच्चीची किल्ली तुम्हाला कशासाठी दिली? चोऱ्या करायला? तुमच्या माठाखाली माझे टोमॅटो आहेत. नंबर आहेत त्यांच्यावर! सेक्रेटरी म्हणे!"

सिद्रामप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग वर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

"बोला की. खोटं आहे का?"

"खोटं कसं म्हणू?" ते हळू म्हणाले. "माझ्या घरात हायत, खरं हाय."

"घरात हायत म्हणजे? आणले कुणी?"

यशपाल मध्ये पडला, "जाऊ द्या हो काका, टोमॅटो तर आहेत." मी त्यालाही झापलं. आज टोमॅटो, उद्या आणखी काय. सिद्रामप्पा आत गेले. ताटली घेऊन आले. तिच्यात तिन्ही टोमॅटो आणि वर गच्चीची किल्ली.

"नंबर तपासून घ्या," म्हणाले. आवाज चढवला नाही. मी खरोखरच तपासले. सगळ्यांसमोर, एकेक उलटून.

वर येऊन ताटली ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसलो. बरं वाटत होतं. छत्तीस वर्षांत माझा एक पाना हरवला नव्हता.

मथुरा पिठाचा डबा घेऊन आली. ताटलीकडं तिची नजर गेली आणि डबा तिनं हातातच धरून ठेवला. "हे हितं कसं आलं?"

मी सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"अप्पांनी काय सांगितलं न्हाय?"

"काय सांगणार? मुद्देमाल सापडला."

"मी न्हेलं हुतं त्ये," ती म्हणाली. "म्या तोडलं. तुमी झोपल्यावर, खिळ्याची किल्ली घिऊन. रांगुळीवरनं उडी मारून गेले ह्या वयात."

मी खिळ्याला लटकणाऱ्या किल्लीकडं पाहिलं.

"पैलं तीन म्या घरातच लपवलं. आंब्याची आढी घालतात तसं, ज्वारीच्या डब्यात, पोतं गुंडाळून. माळ्यावर ठिवलं. बघाय गेले तर सगळं सडल्यालं, वासानं माळा भरला. मग अप्पांना इचारलं. त्ये म्हनलं, वैनी, आढीत गरमी हुती, टमाट्याला गारवा लागतो. माज्या माठाखाली ठिवा. म्या त्यास्नी शपथ घातली, ह्यांना सांगायचं न्हाय."

"पण कशासाठी?"

तिनं उठून शिवणाच्या डब्यातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "आखितीच्या आदल्या दिशी झाडाला बांदणार हुते. तुमी चष्मा घालत न्हाय, पानाआड हुतं म्हनून सांगितलं असतं. तुमी नंबर टाकलं तवा मला बरंच वाटलं. बाजारातनं आणून बांदलं असं तरी म्हनला नसता. तुमास्नी झाडावर लाल टमाटं पायजे हुतं. मला हितं ऱ्हायाचं हुतं."

मग ती रडायला लागली. स्वतःसाठी नाही. "त्या देवमाणसाला चारचौघांत चोर म्हनला. आन् त्यो माज्या शपतंपायी गप ऱ्हायला. आता कुनाच्या तोंडानं जाऊ मी खाली?"

मला लाज वाटली. एवढी लाज वाटली की पाणी प्यायला उठलो आणि माठाजवळ जाऊन नुसता उभा राहिलो. हौदापाशी एकेक टोमॅटो उलटून बघणारे माझे हात मला दिसत होते.

तसाच खाली गेलो. दार लोटलेलं होतं. मी पहिल्यांदाच तिथं कडी वाजवली. सिद्रामप्पांनी दार उघडलं, पूर्ण नाही.

"मथुरेनं सांगितलं," मी म्हणालो. "चुकलो मी. पाया पडतो तुमच्या."

"अय्यो, असं करू नका." त्यांनी माझा हात धरून थांबवलं. "हुतंय एकांदवेळी. वैनींना म्हणावं, रडू नका. कुठं जायचं न्हाई तुमी आता, एवढं करा बगा."

संध्याकाळी मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारी जाऊन सांगितलं की चूक माझी होती. लोक ऐकून घेत होते. रेश्मा म्हणाली, "असू द्या काका," आणि दार लावलं. गच्चीची किल्ली मी सिद्रामप्पांना परत द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू दे तुमच्यापाशीच." सात नंबर मथुरेनं मीठ लावून मला वाढला. गोड होता. मी खाल्ला आणि कुर्डुवाडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी नेहमीसारखा जिना उतरलो. येतील की नाही, धाकधूक होती. सिद्रामप्पा चपला घालून बाहेर आले. मला पाहून हसले, नेहमीसारखेच. मग वळून दार ओढून घेतलं, खिशातून नवंकोरं कुलूप काढलं आणि लावलं. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"चला की," ते म्हणाले.