सातव्या मजल्यावरचा भोपळा

चष्मेवाल्याला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोसकट सगळ्या इमारतीला ठाऊक होती. त्याने लावलेल्या टोमॅटोला पानं आली, कीड आली, टोमॅटो तेवढा आला नाही. मिरचीला त्याने इतकं पाणी पाजलं की बिचारी मुळापासून कुजली. पाठोपाठ निवडुंगही गेला. "निवडुंग मारायलाही अंगात कला लागते हो," बायको म्हणाली आणि रिकामी कुंडी धुवायला घेऊन गेली.

मग या वयात हा नाद लागलाच कशाला? कारण साधं होतं, पण तो ते कुणाला सांगत नव्हता. त्याला संध्याकाळ खायला उठायची.

त्याच इमारतीत तळमजल्यावर त्याची थोरली बहीण राहायची. चष्म्यांचं दुकान बंद केलं की वर जाण्याआधी तो अक्काकडे टेकायचा. भावजी गेल्यापासून तर त्याने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. अक्काच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही इतकी झाडं, आणि ती त्यांच्याशी बोलायची. घेवड्याला रागवायची, गुलाबाची समजूत काढायची. एकदा चार पाहुण्यांदेखत चष्मेवाल्याने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अक्का, पुरे आता. लोक तुला वेडी म्हणायला लागलेत." पाहुणे हसले. ते गेल्यावर अक्काने दार उघडून धरलं आणि शांतपणे म्हणाली, "छोट्या, आता तूही जा. आणि परत येऊ नकोस."

त्याला वर्ष होत आलं होतं. माफी मागावी असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो तिच्या दारावरून मान खाली घालून लिफ्टकडे जायचा. माणूस दुसऱ्यांची नजर सुधारायला निघतो आणि स्वतःला मात्र समोरचं दार दिसत नाही.

तर भोपळा. गॅलरीतल्या जुन्या पिंपात त्याने बी टोचलं आणि या वेलाने मात्र नशीब काढलं. कठड्यावर चढला, कपड्यांच्या दोरीवर गेला, फुलांनी पिवळा झाला. पण फळ काही धरेना. बियाणांच्या दुकानातल्या बाईंनी त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. "नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं," त्या म्हणाल्या. "मादीफुलाच्या बुडाशी बोराएवढा भोपळा असतो बघा. एकाचे पराग दुसऱ्याला लागायला हवेत. सातव्या मजल्यावर मधमाशी कशाला तडमडायला येईल? तुम्हीच व्हा मधमाशी. आणि सकाळीच काय ते करा, ऊन चढलं की फूल मिटतं."

झालं. साहेब रोज पहाटे भिंगाचा चष्मा लावून वेलासमोर उभे. पण नरफुलं उमलायची तेव्हा मादीफूल नसायचं. अखेर वेल सुकायला लागला आणि शेवटची मादीकळी एका सकाळी छान उमलली, तर वेलावर नरफूल औषधालाही नाही.

"अक्कांच्या वेलाला ढिगाने आहेत," बायको म्हणाली.

"मी नाही जाणार."

"नका जाऊ. मिटेल थोड्या वेळात."

तो गेला. खिशात छोटा पेचकस आणि चार पेच टाकून गेला, चष्मा बघायला आलो म्हणता यावं म्हणून, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायची पूर्ण तयारी. अक्काने दार उघडलं. ती वाळली होती, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. भाऊ चष्मेवाला आणि बहिणीच्या काडीला दोरा.

"चष्मा दे," तो म्हणाला.

तिने दिला. त्याने उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच दोरा सोडला, पेच बसवला, काच शर्टाला पुसली. तिने चष्मा लावला आणि त्याला नीट न्याहाळलं.

"एवढ्यासाठी आलास?"

"नाही." त्याने पेचकस खिशात टाकला. "भोपळ्याचं नरफूल हवं होतं. माझ्याकडे मादीफूल उमललंय."

अक्का हसेल असं त्याला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. ती मागच्या अंगणात गेली, तीन फुलं खुडून आणली आणि पायात चपला सरकवल्या. "तू कुस्करून ठेवशील," म्हणाली, आणि त्याच्या आधी लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली.

वर येऊन तिने नरफुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि मधला दांडा मादीफुलात हळूच फिरवला, बाळाच्या डोळ्यात काजळ घालावं तसा. तोंडातून शब्द नाही. चष्मेवाल्याला ती शांतता सोसवेना. ती आता झाडांशीही बोलत नव्हती, आणि हे आपलंच कर्तृत्व आहे हे त्याला कळत होतं.

"धरलं का नाही ते दोन-चार दिवसांत कळेल. बघायला येईन," जाताना ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर तो दुकानातून धावत घरी यायला लागला. अक्का यायची, बोराएवढ्या भोपळ्याकडे बघायची आणि जायची. आणि एका संध्याकाळी तो आला तर भोपळा पिवळा पडून पिंपाशेजारी गळून पडलेला. त्याला रडूच आलं. भोपळ्यासाठी नव्हे. आता अक्काला वर यायचं कारण उरलं नव्हतं. ती यायच्या आत तो उचलून टाकावा म्हणून तो वाकला, तोच ती दारात उभी.

"पडला?" तिने विचारलं.

"पडला." तो हातातल्या त्या एवढ्याशा गोळ्याकडे बघत राहिला. "अक्का, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. चुकलं माझं. भोपळा नसला तरी येत जा गं."

अक्का आत आली आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसली.

"दिवसभराचं सगळं साठवून ठेवायचे रे, संध्याकाळी तू आलास की सांगायला," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलताना चुकायला नको, म्हणून आधी झाडांना सांगून बघायचे."

तो तिच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"मग सांग ना," तो म्हणाला. "वर्षभराचं साठलं असेल."

अक्काने सांगायला सुरुवात केली.