आगाऊ आभार

त्या काळी पत्राला मान होता. पोस्टमन गल्लीत शिरला की लोक हातातलं काम टाकून दाराशी यायचे. म्हणूनच थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं, की घरोघर पत्रं पाठवून मदत मागायची आणि गोठ्याचं छप्पर उभं करायचं.

गोठा गाढवांचा. जन्मभर विटा वाहून थकलेली गाढवं या दोघी जावा सांभाळत. वादळात निम्मी कौलं उडाली होती. थंडीच्या आत छप्पर झालं नाही, तर गाढवं विकावी लागणार होती. आणि म्हातारं गाढव कोण आणि कशासाठी विकत घेतो, हे धाकटीला ठाऊक होतं.

थोरलीने दोन मजकूर लिहिले. एक मदत मागणारा, दुसरा मदत मिळाल्यावर आभार मानणारा. दोन्ही एकदम छापले तर छापखानेवाला सवलत देणार होता, म्हणून दोन्ही छापून आणले. उरलंसुरलं सगळं तिकिटांत गेलं. घड्या घालणं, पाकिटं चिकटवणं धाकटीकडे. तिचा हात असा बसला, की तिने दोन्ही गठ्ठ्यांच्या घड्या घालून टाकल्या, मजकूर आत. मग समोरचा गठ्ठा पाकिटांत भरला आणि पेटीत टाकून आली.

घरी येऊन उरलेल्यातलं एक सहज उघडलं, तर आत ‘आपली मदत हवी आहे’. ती तशीच पेटीकडे पळाली.

“थैली गेली, बाई,” पोस्टमन म्हणाला. “आता ती माझीही नाही, तुमचीही नाही.”

थोरलीपुढे ती मान खाली घालून उभी राहिली.

“म्हणजे ज्यांनी दमडी दिली नाही, त्यांचे आपण आभार मानले?”

“हो, ताई. ‘आपल्या औदार्याने भारावून गेलो’, असंही आहे त्यात.”

थोरलीने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलायला लागले. आपण हिला रडवलं, असं वाटून धाकटी जवळ गेली, तर ही हसून हसून बेजार.

“हसताय काय? पुन्हा तिकिटं घ्यायला पैसे कुठायत?”

“नाहीत गं. म्हणून तर हसतेय.”

पत्रं पोचली आणि पहिला दारात आला तो औषधवाला. अख्ख्या पेठेत त्याच्याइतका आखडत्या हाताचा माणूस नव्हता.

“मी काही दिलेलं नाही,” तो कुजबुजला. “एवढं लिहून द्या.”

“देते की,” धाकटी म्हणाली. “चूक माझीच आहे. पण अडचण काय झाली?”

“बायकोने पत्र वाचलं. लग्नानंतर पहिल्यांदा मला दुसऱ्यांदा चहा विचारला! म्हणाली, तुम्ही आतून इतके मऊ असाल असं वाटलं नव्हतं. तिच्या माहेरी कळलंय. सासरे भेटायला येतायत.”

“मग खरं सांगून टाका.”

“अहो, तुम्ही सांगा ना! मला घरात राहायचंय.”

धाकटीने कागद घेतला. खोटं तिला जमतच नसे. ‘यांनी काहीही दिलेलं नाही’ असं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पुढे केलं. औषधवाल्याने वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसला.

“फार वाईट दिसतं हो हे.”

“खरं आहे ते.”

“म्हणूनच.” त्याने कागदाचे तुकडे केले, खिशात हात घातला आणि दात काढून घ्यायला बसल्यासारखं तोंड करून पाकीट बाहेर काढलं.

मग रांगच लागली. दोघं-तिघं भांडून गेले, बरेचसे हसले. पण भांडणारे सोडले, तर ज्याने त्याने खरं ऐकूनही काही ना काही ठेवलं. थंडीच्या आधी कौलं चढली.

औषधवाला सासऱ्यांना घेऊन छप्पर दाखवायला आला, तेव्हा धाकटी चारा टाकत होती.

“ही सगळी जावईबापूंची कृपा का?” म्हाताऱ्याने विचारलं.

धाकटीने वर पाहिलं आणि बोट दाखवलं. “नाही. त्या कोपऱ्यातली कौलं तेवढी.”

औषधवाला कोपऱ्याखाली जाऊन उभा राहिला आणि सासऱ्यांना म्हणाला, “इथून बघा. इथून जास्त दिसतात.”